ताटीबाहेरची कविता

आळंदीची ही कथा कीर्तनात बहुतेकांनी ऐकलेली असते. ज्ञानदेव भिक्षेला गेले, कोणीतरी टाकून बोललं, आणि ते परत येऊन झोपडीची ताटी लावून बसले. धाकटी मुक्ताबाई बाहेर उभी राहून 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' म्हणू लागली. गाथेच्या प्रचलित प्रतींत ताटीचे म्हणून ४२ अभंग छापलेले असतात.

'एकांतातून कविता येते' हे सांगायला लोक ही कथा वापरतात, तेव्हा एक गोष्ट निसटते. आत बसलेल्या माणसाने या प्रसंगात एक ओळही रचलेली नाही, आणि तो तर ज्ञानेश्वरीचा कर्ता. सगळे अभंग बाहेरच्या बहिणीचे आहेत. एकांत एकाचा आणि कविता दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे. या कथेवरून काही लिहायचं असेल तर सुरुवात इथून करावी.

या घराला दार लावून बसणं परवडणारं नव्हतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. वडील विठ्ठलपंत घर सोडून काशीला गेले, संन्यास घेतला, आणि गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले. त्याची किंमत मुलांनी मोजली. संन्याशाची पोरं म्हणून गाव वाळीत टाकतं, आईवडील देहान्त प्रायश्चित्त घेतात, मागे उरतात चौघं: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. त्यातला एक आत जाऊन बसतो. एकदा घर सोडलेल्या बापाची मुलगी दाराशी उभी आहे, एवढं डोक्यात ठेवून अभंग वाचले की उपदेशाखालची कळकळ ऐकू येते.

ताटी म्हणजे कामट्यांचं किंवा कुडाचं हलकं दार. आतला श्वास बाहेर कळावा इतकं ते विरळ, आणि पोरानेही ढकललं तर सरकावं इतकं हलकं. मुक्ताबाई ते ढकलत नाही. सगळं शब्दांवर सोपवते, म्हणून तर अभंग होतात. नाटकात या प्रसंगाला जाड लाकडी दार आणि मोठी कडी दाखवली की निम्मा अर्थ तिथेच मरतो.

आता रचना. हा लहान अभंग, म्हणजे आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि दोन्हींच्या शेवटी यमक. ('सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' हा मोठा अभंग: सहा, सहा, सहा, चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. दोन्हींची सरमिसळ करू नये.) सर्वांत प्रसिद्ध अभंग असा:

योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥
विश्व रागे झाले वन्हि । संतें सुखें व्हावें पाणी ॥
शब्द शस्त्रें झाले क्लेश । संतीं मानावा उपदेश ॥
विश्व पट ब्रह्म दोरा । ताटी उघडा ज्ञानेश्वरा ॥

बोटांवर मोजून पाहा. जोडाक्षर एक धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाला फरक नाही. 'साही अपराध जनाचा', 'संतीं मानावा उपदेश' आणि 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' हे तिन्ही चरण कागदावर नऊ भरतात. पण म्हणून पाहिले तर 'अप्‌राध', 'उप्‌देश', 'उघ्‌डा' असं मधलं अक्षर गिळलं जातं आणि हिशोब आठावर येतो. 'विश्व पट'मधला शेवटचा 'ट' मात्र पुरा म्हणावा लागतो, नाहीतर तिथे सात होतील. नवशिके इथेच अडखळतात. कागदावर आठ नेमके बसवतात आणि तोंडात ओळ लंगडते. लिहिताना मोठ्याने म्हणत, टाळी देत मोजावं. नववं अक्षर जिभेखाली दबत असेल तर राहू द्यावं, दबत नसेल तर शब्द बदलावा.

पालुपदाची निवड तर खास बघण्यासारखी आहे. ते 'रा'वर संपतं, म्हणजे प्रत्येक अभंगात त्याच्या आधीचा चरणही 'रा'वर आणावा लागतो. मराठीत करा, धरा, सारा, तारा, आवरा अशी आज्ञार्थी क्रियापदं 'रा'वर ढिगाने सापडतात आणि विनवणीला तीच लागतात. 'मन मारुनि उन्मन करा', 'तुम्ही तरून विश्व तारा' हे चरण असे आपसूक बसतात. स्वतःची कविता करताना पालुपद पक्कं करण्याआधी त्याला जुळणारे दहा-बारा शब्द कागदावर उतरवावेत. पाच-सहावर गाडी थांबली तर पालुपद बदलावं. नाहीतर तिसऱ्या-चौथ्या कडव्यापासून यमकासाठी ओढूनताणून आणलेले शब्द दिसू लागतात आणि विनवणीचं पाणी होतं.

ती त्याला दादा म्हणत नाही, हेही टिपावं. नाव घेते आणि 'उघडा' असं आदरार्थी बोलते. योगी कसा असतो, संताने काय करावं, हे धाकटी बहीण थोरल्याला ऐकवते. मग एका अभंगात स्वतःला 'लडिवाळ मुक्ताबाई' म्हणते आणि गुरूचा आवाज पुन्हा लहान पोरीचा होतो. या दोन आवाजांची ये-जा हाच या अभंगांचा जीव. नुसता उपदेश ठेवला तर सुविचारांचा फळा होतो, नुसता लाड ठेवला तर रडगाणं.

दृष्टान्त बघा: 'जीभ दातांनी चाविली । कोणें बत्तीशी तोडिली ॥' जेवताना जीभ चावली म्हणून कोणी दात पाडून घेतो का? अपमान करणारेही आपलेच, हा सगळा युक्तिवाद सोळा अक्षरांत आणि तोही तोंडातल्या तोंडात. ब्रह्म, उन्मनी असे जड शब्द या अभंगांत येतात, पण शेजारी असलं काहीतरी रोजचं असतं. वर दिलेल्या अभंगात आठ चरणांपैकी थेट वेदान्ताचा एकच आहे. हे प्रमाण नक्कल करण्याजोगं आहे.

टाकून बोलणाऱ्याचं काय? वरच्या अभंगात त्याचं नाव नाही, बोलणं काय होतं तेही नाही. 'शब्द शस्त्रें झाले क्लेश' एवढ्यावर भागवलं आहे. आजच्या कवितांत नेमकी इथेच गडबड होते. अपमानाची हकिगत चार कडवी खाते आणि दाराशी उभं असलेलं माणूस विसरलं जातं.

तुकोबांच्या कथेत मांडणी फिरते. तिथे भामनाथ-भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसलेलाच लिहितो, आणि त्यांची बायको जिजाई भाकरी घेऊन चढण चढते. तिच्या पायात काटा मोडतो आणि तो विठ्ठल काढतो, असं कथा सांगते. पण 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' म्हणताना तुकोबाही रानात नातीच जोडतात. याच प्रसंगावर लिहायचं झालं तर मी जिजाईच्या बाजूने लिहायला सांगेन, कारण डोंगरावरची बाजू खुद्द तुकोबांनी लिहून ठेवली आहे.

पहिल्या प्रयत्नाला चार कडव्यांचे तीन अभंग पुरेत. पहिल्यात बाहेरच्याने आतल्याला त्याची थोरवी आठवून द्यावी, दुसऱ्यात घरातला एक दृष्टान्त घ्यावा, तिसऱ्यात बोलणाऱ्याने स्वतःला लहान करावं. पालुपद प्रत्येकात एकदाच, शेवटच्या चरणात. दार उघडल्याचं मात्र लिहू नये. ते कीर्तनकार सांगतात. अभंग मागणीवरच थांबतो.