सोलापूर ते तुळजापूर पायी : पाणंदीच्या वाटेने जाऊ नये

सोलापूर ते तुळजापूर हे सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर कोजागरीच्या सुमारास लाखो भाविक चालून जातात. आम्हा चौदा जणांना ती गर्दी नको होती, म्हणून पौर्णिमा उलटून आठ दिवस झाल्यावर निघालो आणि महामार्गावरची वाहने टाळण्यासाठी तामलवाडीच्या अलीकडे पाणंदीला, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेला, वळलो. नकाशावर ती सरळ रेघ दिसत होती, आणि पूर्वी गेलेल्या एका गटाने ‘बैलगाडी आरामात जाते’ असे लिहून दिले होते. ते कोणत्या महिन्यात गेले होते हे त्यांनी लिहिले नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. साऱ्या फसगतीचे मूळ तेथेच आहे.

दोनच दिवसांपूर्वी परतीचा पाऊस पडून गेला होता. काळी माती ओली झाली की कशी चिकटते हे आम्हा सोलापूरकरांना ठाऊक असते, तरीही पाठीवर ओझे घेऊन तिच्यातून चालणे किती वेगळे, हे पहिल्या शंभर पावलांतच कळले. काडीने बूट खरवडावा, तर वीस पावलांत पुन्हा तेवढाच जाड गोळा तयार. पुढे दोन्ही बांधांवरच्या वेड्या बाभळींनी वाट झाकून टाकली होती. चिखलात दडलेला एक काटा बुटाचा तळ भेदून एका सहकाऱ्याच्या टाचेत मोडला. चार किलोमीटरांना अडीच तास लागले.

लंगडणाऱ्या त्या सहकाऱ्याला महामार्गावरून पुढे पाठवायचे, तर वडापवाल्याने, म्हणजे खासगी प्रवासी गाडीवाल्याने, एकट्याचे आठशे रुपये मागितले आणि आमची अडचण पाहून एक रुपयाही कमी केला नाही. अशा वेळी कसेही करून तामलवाडीचा थांबा गाठावा आणि एसटीने जावे.

माझे मत स्पष्ट आहे. जूनपासून दिवाळीपर्यंत पाणंदीचा विचारही करू नये. महामार्गानेच, पण पहाटे चारला निघून, समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, एकामागे एक चालावे आणि पहिल्या व शेवटच्या माणसाजवळ विजेरी द्यावी. एकटा माणूस ताशी पाच किलोमीटर चालत असेल, पण गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा असतो, आणि दहा मिनिटांची विश्रांती चौदा जणांत पंचवीस मिनिटांची होते; म्हणून ताशी तीनच धरावेत आणि तामलवाडीच्या आसपास मुक्काम आधी पक्का करून दोन दिवसांत जावे. बालाघाटाच्या कडेवरील तुळजापूरचा घाट अगदी शेवटी, पाय थकल्यावर येतो, त्यासाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ राखून ठेवावी. आमचा तो दिवस सुखाचा गेला, दर्शनही लवकर झाले.

शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्यावी. आमचा पाव पहिल्याच दिवशी चुरडला, भाकरी मात्र परतीपर्यंत टिकली. सोबत चिमटा आणि सुई अवश्य असावी. आमच्याकडे नव्हती, आणि तो काटा शेवटी तुळजापुरात डॉक्टरांकडून काढावा लागला.