"हिमालय बघायला कुणी गेलंच नाही?"

"हे दार्जिलिंगच ना गं?" मावशीनं विचारलं. पडद्यावर कड्याच्या टोकाशी एक नन घंटा वाजवत होती, खाली खोल दरी.

म्हटलं, नाही, लंडनजवळचा पाइनवुड स्टुडिओ. दरी रंगवलेली. मागचे डोंगर म्हणजे मोठे केलेले कृष्णधवल फोटो, त्यांवर रंगीत खडू फिरवलेले.

"मग हिमालय बघायला कुणी गेलंच नाही?"

नाहीच गेलं. 'ब्लॅक नार्सिसस', १९४७. दिग्दर्शक मायकेल पॉवेल आणि त्यांचे जोडीदार एमरिक प्रेसबर्गर. पॉवेलना वारा, उजेड, रंग सगळं आपल्या मुठीत हवं होतं; खऱ्या डोंगरावर ते कुठलं जमायला! छायाचित्रण आणि कलादिग्दर्शन, दोन्हींना ऑस्कर मिळालं. (म्हैसूरचा नट साबूही आहे यात, अत्तर लावून मिरवणारा राजपुत्र.)

मावशीचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. कारण वारासुद्धा मुठीत ठेवणाऱ्या या माणसाच्या हातून पुढे सगळंच निसटलं. १९६० साली त्यांचा 'पीपिंग टॉम' आला, बायकांना मारताना त्यांचं चित्रण करणाऱ्या खुन्याचा चित्रपट, आणि ब्रिटिश समीक्षक अक्षरशः तुटून पडले. मायदेशात काम मिळेना, मग ऑस्ट्रेलियात जाऊन दोन चित्रपट केले. पुढे अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीनं त्यांना शोधून काढलं, 'पीपिंग टॉम' पुन्हा लोकांसमोर आणायला मदत केली. आज त्याला अभिजात म्हणतात. १९९० साली पॉवेल गेले. निदान हे कौतुक बघून गेले, पण मधल्या वर्षांत जे चित्रपट झालेच नाहीत त्यांचं काय?

मावशीला 'पीपिंग टॉम' दाखवू का? झोप उडाली तर शिव्या मलाच पडतील.