रातकिडे, सकाळी 8 वाजता

दवाखान्यात पाल आली की आईला फोनवर सांगायचं नाही, असं मी ठरवून टाकलंय. सांगलीत ती केरसुणी घेऊन पालीमागे धावते आणि लेक इंग्लंडात पालींची शुश्रूषा करते! "अगं, पालीचा एक्स-रे काढतात?" हा प्रश्न मी तीनदा ऐकलाय.

लेस्टरच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथे ससे, पोपट, कासवं, सरडे असलीच मंडळी येतात. त्या शनिवारी नऊ वर्षांचा एक मुलगा आइस्क्रीमचा रिकामा डबा छातीशी धरून आला. आत टिश्यूपेपरवर लेपर्ड गेको. पिवळी, काळ्या ठिपक्यांची, नाव मँगो. ही आपल्या भिंतीवरची पाल नव्हे. अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली जात. बोटांना चिकट गाद्या नाहीत, त्यामुळे काचेवर चढता येत नाही. आणि हिला चक्क पापण्या असतात, डोळे मिटून झोपते.

मँगोला अंग उचलून चालताच येत नव्हतं. मागचे पाय थरथरत होते. खालचा जबडा मी बोटाने अलगद दाबला, तर हाड लागायचं तिथे रबर लागलं. या जातीची चरबी शेपटीत साठते. मँगोची शेपटी काडीसारखी झाली होती. वजन 31 ग्रॅम. एक्स-रेत हाडं अशी दिसली, जणू कुणी पेन्सिलीने काढून खोडरबराने पुसली आहेत. एक मांडी वाकलेली.

कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ झालेली, हे डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं. तशी मुलाची आई उखडलीच. "कॅल्शियम रोज देतो आम्ही!" मुलाने दप्तरातून वही काढली. दुकानदाराने सांगितलं तसं सगळं लिहिलेलं, एक दिवस चुकला नव्हता. प्रत्येक पानावर तेच: 8 वाजता, 6 रातकिडे, पांढरी पावडर लावून.

माझ्या मनात पाल चुकचुकली. (अशा वेळी दुसरा वाक्प्रचार सुचणार तरी कुठून?)

"8 म्हणजे सकाळचे?"

"हो. शाळेत जायच्या आधी."

"आणि मँगो खाते कधी?"

"मी झोपल्यावर. सकाळी रातकिडे कमी झालेले असतात."

लेपर्ड गेको तिन्हीसांजेनंतर बिळाबाहेर येते. आणि रातकिडा हा भारी टापटिपीचा प्राणी: पाय, मिश्या चाटूनपुसून स्वच्छ ठेवतो. सकाळी फासलेली पावडर रात्रीपर्यंत त्याच्या अंगावर कशाला राहतेय? वर दिवसभर उपाशी राहिलेला रातकिडा, म्हणजे नुसतं टरफल. रात्री खाऊन उरलेले रातकिडे दिवसा झोपलेल्या मँगोला चावतही होते. शेपटीच्या टोकाला बारीक जखमा होत्या.

मग मी पावडरीच्या डब्याचा आणि काचपेटीचा फोटो मागितला. नुसतं कॅल्शियम, त्यात ड जीवनसत्त्व नाही. ते नसलं की कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही. ते अंगात तयार व्हायला लागतो तो अतिनील दिवाही नव्हता. थर्मामीटर 32 अंश दाखवत होता, पण तो चिकटवला होता झाकणाजवळ, उबेच्या दिव्याच्या शेजारी. पाल असते खाली, गारठ्यात. गारठलेल्या पालीला अन्न पचत नाही.

"मग मीच केलं का हे?" मुलाने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "तुझ्या वहीमुळेच तर कळलं." मला मात्र त्या दुकानदाराचा राग आला होता. मुलाच्या हातात जीव विकताना दोन वाक्यं जास्त बोलायला काय जातं?

सुईने कॅल्शियम, मग रोज तोंडावाटे थेंब, ड जीवनसत्त्व, आणि काही दिवस पिचकारीने पातळ खाणं. घरी पेटीच्या एका टोकाला जमिनीलगत 31-32 अंश ऊब, दुसरं टोक थंड, मध्ये ओलसर शेवाळ घातलेला डबा, म्हणजे कात नीट सुटते. रातकिड्यांना आदल्या दिवशी गाजर आणि पालेभाजी, आणि पावडर फासायची ती दिवेलागणीला, पाल बाहेर आल्यावर.

सहा आठवड्यांनी दोघं परत आले. वजन 38 ग्रॅम. थरथर गेली होती. जबडा वाकडाच राहिला, तो आता तसाच राहणार. मुलाने वही पुढे केली. 8 वर काट मारून शेजारी लिहिलं होतं: संध्याकाळी 7, आधी रातकिड्यांचं जेवण.