विजयदुर्ग १:५००, नोंद तिसरी: खंदक पुन्हा खणला

विजयदुर्ग किल्ल्याचं १:५०० मापाचं मॉडेल करतोय, मागच्या नोंदीत त्याचा पाया झाला म्हणून मोकळा झालो होतो. तो परवा करवतीनं कापला.

चूक माझीच. आज पूर्वेकडून सडक थेट किल्ल्याशी येते, तशीच मी केली. पण मला करायचाय तो आरमाराचे सरदार तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६ मधला, आरमार जळण्याआधीचा. पूर्वेचा खंदक नंतर बुजला, म्हणून आज किल्ला जमिनीला चिकटलाय. बोटभर रुंद चर पाडला, आणि इतके दिवस टेकडी वाटणारं माझं मॉडेल एकदम पाण्यात उभं राहिलं.

साताऱ्यात दिवाळीचे किल्ले करून वाढल्याची ही खोड. आधी मातीचा डोंगर, पोत्यावर अळीव, तट उरलेल्या जागेत. खिडकीतून दिसतो तो अजिंक्यताराही तसाच, निम्मी राखण कड्यानंच केलेली. हे दोन्ही किल्ले शिलाहार राजा भोज दुसऱ्याचे म्हणून सांगतात. पण खाडीच्या तोंडावर कडा कुठून आणणार? तिथे एकाआड एक तीन तट, आणि त्यातच माझे दोन महिने गेले. वर हाताच्या सवयीनं पहिला रंग आपल्याकडच्या काळ्या दगडाचा दिला. कोकणातल्या तांबड्या जांभ्यासाठी गेरूवर काळ्याचं पाणी मारून पुन्हा रंगवला.

समुद्राचं सांगायलाच नको. फायबरच्या कामाचं स्वस्त रेझिन थर्माकोलवर ओतलं, आणि त्यानं नैर्ऋत्येचा बुरूज डोळ्यांदेखत खाल्ला. थर्माकोल असेल तर एपॉक्सीच घ्या, तेही पातळ थरांत.

आतल्या वाड्यांवर आज छपरं नाहीत, ती अंदाजानं घालतोय. एक मात्र पक्कं, मंगळुरी कौलं चालणार नाहीत. त्यांचा कारखानाच १८६५ चा. नळीची कौलं हवीत, पण या मापाला नळी दिसतच नाही. गेरू लावलेला पॉलिश पेपर पुरतो.

आता आरमार. आंग्र्यांनी पकडून आणलेल्या 'रिस्टोरेशन' जहाजावर इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या ताफ्यातला गोळा पडला आणि तिथून आग सगळ्या जहाजांत पसरली. म्हणजे ती खेटून नांगरलेली असणार. मीही तशीच लावतोय. गलबतं काडेपेटीच्या काड्यांची, नऊ झाली. गुराबांची, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांची, पुढे आलेली नाळ (नाकाडं) मात्र कोरताना सारखी तुटते. बांबूची टूथपिक घेऊन बघतो.