दिवा बाहेर, बटण आत

घरातल्या बाकीच्या दिव्यांचं बरं असतं. बटण दाबलं की समोर उजेड पडतो, पुन्हा दाबलं की जातो. हातानं केलेलं डोळ्यांना तिथल्या तिथे कळतं. बाहेरच्या दिव्याचं बटण मात्र आत, दाराजवळच्या बोर्डावर, आणि तो स्वतः भिंतीपलीकडे. जो दाबतो त्याला दिवा दिसत नाही आणि ज्याला दिसतो त्याच्या हाताशी बटण नसतं. म्हणून रात्री झोपायच्या आधी घरात हमखास विचारणा होते, "बाहेरचा दिवा लावलाय का?" आणि तितकंच हमखास उत्तर मिळतं, "बघ ना जरा." सकाळी बंद केलाय का, हे कुणी विचारतच नाही. त्यामुळे भर दुपारी उन्हात केविलवाणा जळत राहिलेला दिवा घरच्यांच्या आधी शेजाऱ्यांना दिसतो.

नव्या माणसाला हे बटण सापडणंही कठीण. बोर्डावर सारखीच दिसणारी चार-सहा बटणं ओळीनं बसलेली असतात. एक दाबलं की पंखा फिरतो, दुसरं दाबलं की ट्यूब लागते. ज्यानं काहीच होत नाही, ते बाहेरच्या दिव्याचं. मग पाहुणा ते पुन्हा दाबतो, आणखी एकदा दाबतो, आणि शेवटी दिवा कुठल्या अवस्थेत सोडला हे त्यालाही ठाऊक नसतं.

आत बसलेल्याला खात्रीची बातमी एकच, ती म्हणजे बटणाचा खटका. हा खटकाही मुद्दाम ठेवलेला आहे. बटणातले धातूचे संपर्क सावकाश दूर केले तर मधल्या फटीत ठिणगी रेंगाळते आणि संपर्क जळतात. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी 1884 साली झटक्यात तोडणारं बटण काढलं, तेव्हापासून हे काम स्प्रिंगकडे आहे. बोट कितीही हळू दाबा, एका ठरावीक जागेपुढे स्प्रिंग स्वतःच उडी मारते. तेव्हा "खट्" याचा अर्थ एवढाच की स्प्रिंगनं उडी मारली. दिवा लागला की नाही याबद्दल ती काहीही सांगत नाही.

सांगणार तरी कशी? खुद्द बटणालाच ते माहीत नसतं. पुरवठ्याकडून आलेली फेज, म्हणजे करंट आणणारी जिवंत वायर, बटणाच्या एका टोकाला येते, दुसऱ्या टोकातून निघून दिव्याकडे जाते. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, बहुतेक वेळा बटणाच्या वाटेला जातच नाही, परस्पर दिव्यापाशी पोचते. बटण फेजची वाट मोकळी करतं किंवा अडवतं, बस्स. पलीकडे बल्ब शाबूत आहे, उडाला आहे, की कुणी काढून नेला आहे, याचा त्याला पत्ता नसतो.

इथेच एक लबाडी खपून जाऊ शकते. फेजऐवजी न्यूट्रल बटणातून नेली तरी दिवा अगदी आज्ञाधारकपणे लागतो आणि बंद होतो. संशय यावा असं काही दिसत नाही. फरक असा, की बटण बंद असतानाही होल्डरपर्यंत फेज जिवंत असते. बटण बंद आहे या भरवशावर कुणीतरी ओल्या पायांनी, ओल्या भिंतीला टेकून बल्ब बदलायला चढतो, तेव्हा ते कळतं. घरात हे वाईटच, बाहेर पावसात त्याहून वाईट. म्हणून बल्बला हात लावायच्या आधी बटणावर न विसंबता मेन बंद करावा आणि शिवाय टेस्टर लावून बघावा. टेस्टर चालतो ना, हे आधी जिवंत जागी तपासून घ्यावं. हे मला फाजील सावधपणाचं वाटत नाही. बाहेरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा हिशेब तो सतत जुळवत असतो. फरक पडला, म्हणजे थोडा करंट दुसऱ्याच वाटेनं, कदाचित माणसातून, जमिनीत गेला. मग तो क्षणार्धात पुरवठा तोडतो.

एलईडी आल्यापासून आणखी एक गंमत सुरू झाली आहे. बटण बंद, तरी रात्री दिवा अगदी मंद, काजव्याच्या लायकीचा पेटलेला दिसतो. लोक घाबरतात. जुना 100 वॅटचा बल्ब 230 व्होल्टवर साधारण 0.43 अँपिअर ओढायचा, त्याला इतका थेंबभर करंट जाणवायचाही नाही. एलईडीला मात्र थेंबही पुरतो. तो कुठून येतो? कधी वर सांगितलेल्या उलट्या जोडणीमुळे, कधी बटणातल्या इवल्याशा नियॉन दिव्यातून. आणि कधी लांबवर शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोन वायरींमुळे, कारण एकीतल्या आल्टरनेटिंग व्होल्टेजचा परिणाम दुसरीला न शिवताही तिच्यावर होतो. बाहेरच्या दिव्याची वायर लांब, त्यामुळे त्याच्या वाट्याला हे जास्त येतं.

मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतं ते भिंतीतलं भोक. आत आणि बाहेर यांची खरी हद्द तिथे आहे. वायरमन जाणता असेल तर भोक सरळ पाडत नाही, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देतो, म्हणजे पाणी घरात यायचं मनात आणलं तरी येत नाही. त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे वायरीचा झोल. वायर वरून उतरून थेट भोकात गेली, तर पावसाचं पाणी तिच्या अंगावरून घसरत पाठोपाठ आत शिरतं. म्हणून ती आधी भोकाच्या खाली उतरवायची आणि मग वळवून वर आत घ्यायची. पाणी त्या झोलापर्यंत येतं आणि तिथून खाली ठिबकतं. ना रबर, ना सिलिकॉन, गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चाललेली फुकटची व्यवस्था. दिव्यावर आयपी 44 किंवा आयपी 65 असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा धुळीसारख्या घन वस्तूंचा आणि दुसरा पाण्याचा. 4 म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे सोसेल, 5 म्हणजे पाण्याचा फवाराही. पण दिवा 65चा घेऊन वायर आत घेतानाचं भोक उघडंच ठेवलं, तर त्या आकड्याचा उपयोग डब्याच्या सजावटीपुरता. उलट काही जण उत्साहानं भिंतीवरच्या दिव्याला चहूबाजूंनी सिलिकॉन फासतात. दिवा गार झाला की आतली हवा आक्रसते, बाहेरची दमट हवा ओढली जाते आणि पाणी आतच साठतं. वरची कड आणि बाजू बंद करून खालची कड मोकळी सोडणारा माणूस शहाणा.

दिवा आपल्याआड रात्रभर काय करतो, तेही आत कळत नाही. किडे जमतात, त्यांच्यामागे पाली येतात. किडे दिव्याकडे आकर्षित होतात असं सगळेच म्हणतात, पण 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी वेगळंच दाखवलं. उडताना ते पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण उजेडाची बाजू म्हणजे आकाश, अशी त्यांच्या शरीराची समजूत. दिवा शेजारी आला की 'वर' कुठे तेच बिघडतं आणि बिचारे त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात. पिवळसर उजेडाला निळसर पांढऱ्यापेक्षा कमी किडे जमतात, हे दिवा घेताना लक्षात ठेवलेलं बरं.

आता प्रश्न उरतो तो बातमी आत आणण्याचा. नियॉनवालं बटण घेतलं की झालं, असं वाटतं. पण नेहमीच्या अशा बटणात नियॉन संपर्कांच्या दोन टोकांत जोडलेला असतो, तो दिवा बंद असताना पेटतो, म्हणजे अंधारात बटण सापडावं एवढ्यापुरता. दिवा चालू असताना पेटणारा हवा असेल, तर बोर्डापर्यंत न्यूट्रल आणावी लागते. भिंतीतला वायरींचा पाइप उघडा असतानाच एक जास्तीची वायर ओढून ठेवा, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. बहुतेक जण हसतात.

ज्यांना ही कटकट नको, ते उजेड मोजणारा सेन्सर बसवतात आणि निर्णयच बाहेर धाडतात. संध्याकाळी आपोआप लागतो, पहाटे आपोआप जातो. फक्त त्याच दिव्याचा उजेड सेन्सरवर पडू देऊ नये, नाहीतर दिवा लागतो, सेन्सरला दिवस उगवल्यासारखं वाटतं, तो दिवा बंद करतो, पुन्हा रात्र होते, आणि हे पहाटेपर्यंत चालतं. हालचालीवर लागणारा सेन्सर फिरती ऊब टिपतो, त्याला माणूस आणि मांजर सारखेच.

खरं तर एवढं काही लागत नाही. बोर्ड अशा जागी घ्यावा, की बटण दाबताना खिडकीतून किंवा दारावरच्या झरोक्यातून उजेड दिसेल. पण बोर्डाची जागा ठरते तेव्हा कपाट, फ्रिज आणि सोफा यांचे वकील हजर असतात. बाहेरच्या दिव्याच्या बाजूनं बोलायला त्या वेळी घरात कुणीच नसतं.