मऊ पडलेली काच

अणुभट्टीचा किरणोत्सारी कचरा काचेत मिसळून कोंडतात. माझ्या टेबलावर येणारी काच मात्र खऱ्या अणुकचऱ्याची नसते. घटक बरेचसे तेच, पण किरणोत्सारी काही नाही. कचऱ्यातल्या किरणोत्साराची नक्कल म्हणून वेगवान आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा केलेला नखाएवढा तुकडा असतो. त्यावर हिऱ्याचं टोक दाबायचं आणि उमटलेल्या चौकोनाचे कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. मारा झालेल्या भागात चौकोन मोठा उमटतो, म्हणजे काच मऊ झालेली. पण कोपऱ्यांतून फुटणारे तडे? ते आखूड होतात, कधी दिसतही नाहीत! नव्या पोरांना हे पटता पटत नाही.

आपल्याकडे तारापूर आणि ट्रॉम्बेला हा कचरा बोरोसिलिकेट काचेत कोंडतात. सुरुवातीची काही शतकं कचऱ्यातल्या सीझियम, स्ट्रॉन्शियमच्या बीटा-गॅमा किरणांचा जोर असतो, पण त्यांनी अणू फारसे हलत नाहीत. खरा दणका अल्फा-क्षयाचा, म्हणजे जड अणुकेंद्रातून अल्फा कण सुटण्याचा. त्यातही अल्फा कण सुटताना बंदुकीच्या दस्त्यासारखं मागे फेकलं जाणारं जड अणुकेंद्र जास्त धुमाकूळ घालतं: शंभरेक नॅनोमीटरच्या आत हजारभर अणू जागचे उठवतं.

फ्रान्समध्ये मार्कूलला क्युरियम-244 हे अल्फा कण सोडणारं मूलद्रव्य घालून काच बनवली. त्याचं अर्धायुष्य 18 वर्षं, त्यामुळे हजारो वर्षांचा मारा थोडक्या वर्षांत उरकतो. घनता टक्काभराच्या आतच बदलली आणि मग स्थिरावली.

ही काच शेवटी जमिनीत खोल पुरायची, म्हणून मला विचाराल तर किरणांपेक्षा भूजलाची धास्ती जास्त. काच विरघळवतं ते पाणीच.