इटलीत तिकीट काढलं म्हणजे काम झालं असं नसतं

इटलीत पर्यटकांना जे दंड बसतात, त्यांतले बरेचसे फुकट्या प्रवाशांना बसत नाहीत. तिकीट काढलेलं असतं, पैसे भरलेले असतात, फक्त त्यानंतरची एक छोटी पायरी राहून गेलेली असते. तपासनीस नियमावर बोट ठेवतो, 'आम्हाला माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही आणि सहलीच्या एका चांगल्या दिवसाचा विचका होतो. या पायऱ्या अवघड मुळीच नाहीत, पण कुणीतरी आधी सांगाव्या लागतात.

सुरुवात रेल्वेपासून. वेगवान गाड्या दोन कंपन्यांच्या आहेत: सरकारी त्रेनितालिया (तिच्या लाल गाड्या म्हणजे फ्रेच्चारोस्सा) आणि खासगी इतालो. रोम ते फ्लोरेन्स साधारण दीड तास, रोम ते नेपल्स सव्वा तासाच्या आसपास, मिलान ते रोम तीन-साडेतीन तास. या गाड्यांचं तिकीट ठरावीक गाडीचं आणि ठरावीक सीटचं असतं, त्यावर शिक्का वगैरे मारावा लागत नाही. भाडं मात्र विमानासारखं बदलतं. काही महिने आधी काढलं तर फार स्वस्त पडतं, आयत्या वेळी दुप्पट-तिप्पटही होतं. त्रेनितालियाचा सगळ्यात स्वस्त दर 'सुपर इकॉनॉमी'. हे तिकीट बदलून मिळत नाही आणि रद्द केलं तर पैसेही परत येत नाहीत. म्हणून विमानातून उतरल्याच दिवशी पुढची गाडी पकडायची असेल तर हा दर घेऊ नका. विमानाला दोन तास उशीर झाला की तिकीट वाया. त्या एका प्रवासासाठी 'बेस' दर घ्यावा. थोडा महाग असला तरी गाडी सुटण्याआधी बदलता येतो. बाकीच्या प्रवासांना स्वस्त तिकीट खुशाल घ्या.

खरा घोळ होतो तो रेजिओनाले, म्हणजे प्रादेशिक गाड्यांमध्ये. फ्लोरेन्सहून पिसा किंवा लुक्का, व्हेनिसहून पादोव्हा, ला स्पेत्सियाहून चिंक्वे तेर्रेची गावं, हे प्रवास याच गाड्यांनी होतात. भाडं ठरलेलं असतं, बहुतेक ठिकाणी अंतरावर, त्यामुळे महिनाभर आधी काढून एक सेंटही वाचत नाही. सीट नंबर नसतो, गाडीचा नंबरही बंधनकारक नसतो. आणि नेमकं म्हणूनच शिक्का लागतो. कागदी तिकीट कोणत्याही गाडीला चालतं, तेव्हा ते वापरलं गेलं हे ठरवायला दुसरा काही उपायच नाही.

फलाटाच्या तोंडाशी, भिंतीवर किंवा खांबावर, हिरव्या-पांढऱ्या रंगाचं एक छोटं यंत्र असतं. जुनी यंत्रं पिवळी. तिकिटाचं टोक त्याच्या फटीत घालायचं आणि खर्रकन आवाज येईपर्यंत धरून ठेवायचं. मग तिकीट बाहेर काढून बघायचं: स्टेशन, तारीख आणि वेळ छापली गेली आहे का? शाई फिकट असली तर दुसऱ्या यंत्रात पुन्हा घाला. शिक्का मारल्यापासून तिकीट 4 तास चालतं. घरातल्या चौघांची चार तिकिटं असतील तर चारही वेगवेगळी घालावी लागतात. यंत्र बंद असेल तर पेनने तिकिटावर तारीख, वेळ आणि स्टेशनचं नाव लिहा आणि गाडीत चढतानाच तपासनिसाला गाठून सांगा. तो तुमच्यापर्यंत येण्याआधी तुम्ही त्याच्याकडे जाणं महत्त्वाचं, कारण नंतर सांगितलेली गोष्ट सबब वाटते.

मोबाइलवर काढलेल्या रेजिओनाले तिकिटाला शिक्का नसतो, पण चेक-इन असतं. ॲपमधल्या बटणावरून किंवा ईमेलमधल्या दुव्यावरून ते गाडी सुटण्याआधी करायचं. नुसती पीडीएफ जपून ठेवली आणि चेक-इन राहिलं, तर ते शिक्का न मारलेल्या तिकिटासारखंच. बोगद्यांच्या भागात, चिंक्वे तेर्रेत तर फारच, मोबाइलची रेंज जाते. तेव्हा हे काम फलाटावर उभं असतानाच उरकून घ्या.

स्टेशनावर दोन बोर्ड असतात: 'पार्तेन्झे' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'आर्रीवी' म्हणजे येणाऱ्या. घाईत लोक चुकीच्या बोर्डासमोर उभे राहतात. 'बिनारिओ' म्हणजे फलाट, 'रितार्दो' म्हणजे उशीर, मिनिटांत. शहरांची नावंही इटालियन असतात. फ्लोरेन्सचं फिरेन्झे, व्हेनिसचं व्हेनेत्सिया, नेपल्सचं नापोली. तरीही एक अडचण उरतेच. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर हातात फिरेन्झेचं तिकीट असतं आणि बोर्डावर फिरेन्झे कुठेच दिसत नाही. कारण मोठ्या अक्षरांत फक्त शेवटचं स्टेशन लिहितात आणि तुमची गाडी पुढे मिलानला, तोरीनोला किंवा व्हेनिसला जाणारी असते. म्हणून गावाचं नाव शोधूच नका. तिकिटावरचा गाडी क्रमांक बोर्डावर शोधा आणि सुटण्याची वेळ जुळवून बघा. फलाट बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटं आधीच जाहीर होतो, म्हणून सामान घेऊन बोर्डाच्या जवळच थांबलेलं बरं.

सारख्या नावांची स्टेशनंही चकवतात. 'व्हेनेत्सिया मेस्त्रे' हे मुख्य भूमीवरचं स्टेशन, कालव्यांच्या काठी उतरायचं तर 'व्हेनेत्सिया सांता लुचिया'. मध्ये पुलावरून सुमारे दहा मिनिटांचा प्रवास आहे. पाँपेईचे अवशेष बघायचे असतील तर नेपल्सच्या मुख्य स्टेशनाखालच्या गारिबाल्दी स्टेशनातून चिर्कुमवेसुव्हियाना लोकलची सोर्रेंतोकडे जाणारी गाडी घ्या आणि 'पॉम्पेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी' इथे उतरा. प्रवेशद्वार समोरच आहे. नुसतं 'पॉम्पेई' नावाचं स्टेशन आजच्या गावात आहे. या लोकलमध्ये खिसेकापूंचा सुळसुळाट असतो. पाठीवरची सॅक पोटावर घ्या.

शहरातल्या वाहतुकीलाही तोच न्याय. रोममध्ये 1.50 युरोचं तिकीट 100 मिनिटं चालतं. तेवढ्या वेळात बस हव्या तितक्या बदला, मेट्रोत मात्र एकदाच शिरता येतं. बसमध्ये चढल्यावर तिकीट यंत्रात घालायचंच. बँकेचं कार्ड टेकवूनही प्रवास होतो, पण एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायकोने एकच कार्ड दोनदा टेकवलं तर दुसरा विनातिकीट धरला जाऊ शकतो. मिलानच्या मेट्रोत बाहेर पडतानाही तिकीट किंवा कार्ड लावावं लागतं. कागदी तिकिटं 'तबाक्की' दुकानात मिळतात. बाहेर मोठा 'टी' लिहिलेली पाटी असते. रविवारी आणि रात्री ही दुकानं बंद असतात, तेव्हा परतीचं तिकीट सकाळीच घेऊन ठेवा.

व्हेनिसच्या वापोरेत्तो बोटीचं एकेरी तिकीट 9.50 युरोचं, तेही 75 मिनिटांचं. दिवसात तीनदा बोटीत बसणार असाल तर 25 युरोचा 24 तासांचा पास परवडतो. तो धक्क्यावरच्या यंत्राला टेकवला की तिथून 24 तास मोजले जातात, म्हणून दुपारी सुरू केलेला पास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरतो.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी पुढचा भाग सावकाश वाचा, कारण इथली चूक महिन्यांनी घरी पत्र येतं तेव्हा कळते. जवळजवळ प्रत्येक जुन्या शहराच्या गाभ्यात 'झोना आ त्राफ्फिको लिमितातो' असतो, म्हणजे परवान्याशिवाय गाडी आणायला बंदी. गेट नसतं, पोलीस नसतो. पांढऱ्या गोलाभोवती लाल कड असलेली पाटी असते आणि वर कॅमेरा. काही ठिकाणी पाटीजवळ दिव्यांच्या अक्षरांत 'वार्को आत्तीव्हो' असं येतं. 'आत्तीव्हो' म्हणजे चालू, हे वाचून रस्ता चालू आहे असं वाटतं. प्रत्यक्षात बंदी चालू आहे असा त्याचा अर्थ. 'वार्को नॉन आत्तीव्हो' असेल तरच आत जायचं. कॅमेऱ्याखालून जितक्या वेळा जाल तितके दंड, शिवाय पोलिसांना तुमचं नाव-पत्ता कळवल्याबद्दल भाड्याची कंपनी वेगळे पैसे कापते. नोटीस मिळाल्यापासून 5 दिवसांत दंड भरला तर 30 टक्के सूट मिळते. हॉटेल या भागात असेल तर गाडी ताब्यात घेतल्याबरोबर तिथूनच हॉटेलला फोन करून नंबर कळवा, ते परवान्याची नोंद करतात. त्याहून सोपं म्हणजे गाडी बाहेरच लावा. निळ्या रेषा पैसे देऊन, पांढऱ्या फुकट, पिवळ्या राखीव. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मूळ परवान्याबरोबर हवाच. टोलनाक्यावर पिवळ्या 'तेलेपास' (आपल्या फास्टॅगसारखी सोय) रांगेत शिरू नका. शिरलातच तर गाडी मागे घेऊ नका, मदतीचं बटण दाबा. पंपावर 'बेन्झीना' म्हणजे पेट्रोल आणि 'गाझोलिओ' म्हणजे डिझेल.

प्रेक्षणीय स्थळांचं तिकीट आता जवळजवळ सगळीकडे वेळेचं आणि नावाचं झालं आहे. कोलोसियमचं साधं तिकीट 30 दिवस आधी खुलं होतं, त्यावर नाव असतं आणि दारात पासपोर्ट बघतात. मिलानला दा व्हिंचीचं 'अखेरचं भोजन' हे चित्र बघायला जेमतेम 15 मिनिटं मिळतात आणि तारखा खुल्या झाल्या की झपाट्याने संपतात. ते तिकीट हाती आल्यावरच मिलानचा दिवस ठरवा. फ्लोरेन्सचं उफ्फीत्सी कलासंग्रहालय सोमवारी बंद असतं, व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी. महिन्याच्या शेवटच्या रविवारी व्हॅटिकन फुकट उघडतं, पण त्या दिवशीची रांग बघता पैसे देऊन मधल्या वारी गेलेलं बरं. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही.

शाकाहारी लोकांनी घाबरून थेपल्यांनी बॅग भरायची गरज नाही, पण मेनू नीट वाचायला हवा. 'पेपेरोनी' म्हणजे मांस नव्हे, ढोबळी मिरची. उलट साधा दिसणारा पुत्तानेस्का पास्ता म्हणजे मासळी असलेला, 'आच्चुगे' हा शब्द दिसला की अँकोव्ही मासे. अमात्रिचाना आणि कार्बोनारा या दोन्ही पास्त्यांत डुकराचं मांस असतं. भाज्यांचं सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं, म्हणून 'ब्रोदो दी कार्ने?' असं विचारा. पारंपरिक पियादिना रोटीत 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी घालतात. आणि जे फार कमी लोकांना ठाऊक असतं ते हे: पार्मिजानो, ग्राना पादानो ही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात आणि पेकोरिनो रोमानो कोकराच्या. ते चालत नसेल तर 'सेंत्झा फोर्माज्जो' म्हणा आणि पिझ्झा मरिनारा मागवा. त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, बस्स.

बिलात दिसणारा 'कोपेर्तो' म्हणजे टेबलावर बसल्याचे माणशी पैसे, मेनूत लिहिलेले असतात, त्यावर वाद घालू नका. कॉफीच्या दुकानाला तिथे बार म्हणतात. काउंटरला उभं राहून प्यायलात तर स्वस्त, तीच कॉफी बसून प्यायलात तर भाव वेगळा. स्टेशनात आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती आणायची, मग काउंटरवर ठेवायची. नुसतं 'लात्ते' मागितलं तर पेलाभर दूध येईल. दुपारी अडीच-तीननंतर स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी साडेसातपर्यंत, हे लहान मुलं बरोबर असणाऱ्यांनी फार लक्षात ठेवावं. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रोममध्ये रस्तोरस्ती 'नासोने' नावाचे लोखंडी नळ वाहत असतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंज्यासारखी धार येते. फक्त 'नॉन पोताबिले' लिहिलेलं पाणी पिऊ नका.

उरला 'शोपेरो', म्हणजे संप. इटलीत तो आधी जाहीर होतो आणि वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारखांची यादी असते. निघण्याच्या आठवड्यात ती एकदा बघा. आठवड्याच्या कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरलेल्या प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात, लांब पल्ल्याच्याही काही गाड्यांची हमी असते. परतीचं विमान अशा दिवशी आलं तर दुपारचं असलं तरी सकाळी 9 च्या आत विमानतळाकडे निघा. रोममध्ये तेर्मिनीहून फ्युमिचिनो विमानतळाला जाणारी लेओनार्दो एक्सप्रेस 14 युरोत 32 मिनिटांत पोचवते. 8 युरोची लोकल तेर्मिनीला येत नाही, ती त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से किंवा तिबुर्तिना इथून पकडायची. दोन्हींचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी शिक्का मारायचा.